साहेब पाणी मोजायला येतात

ठकुबाईच्या घरी वर्षातून चारच वेळा पाहुणा यायचा, आणि तोही विहिरीकडे. वेल्ह्याच्या डोंगरात वस्तीच्या शेवटच्या घरात ती एकटी राहायची. मुलगा-सून पुण्यात, आणि मोबाईलला रेंज थेट खालच्या देवळापाशी. भूजल खात्याच्या भोरच्या ऑफिसातले शरच्चंद्र साहेब मात्र तीस वर्षं नेमानं यायचे. विहिरीत टेप सोडायचे, पाणी किती खोल आहे ते टिपायचे आणि ओट्यावर बसून चहा प्यायचे. त्यांच्या पत्नी शैलजाताई गेल्यापासून ते दुसरा कपही घेऊ लागले होते.

"मावशी, आपला हा काळा खडक. पाणी राहतं ते त्याच्या भेगांत," साहेब सांगत. "वर्षानुवर्षं मोजलं तरच कळतं, ते टिकतंय की आटतंय."

"व्हय," ठकुबाई म्हणायची. भेगांचं तिला काही पडलं नव्हतं. ओट्यावर कुणीतरी बोलतंय, एवढं तिला पुरे होतं.

घोळ झाला मार्चमध्ये. कांद्याला पाणी सोडलं आणि ती रात्री मोटर बंद करायलाच विसरली. सकाळी साहेबांचा टेप आपला खाली जातोय, जातोयच.

"मावशी, मोटर चालू होती का?"

विसरले म्हणावं, तर म्हातारीला आता पुण्याला न्या म्हणतील. ठकुबाई ठासून म्हणाली, "न्हाई बा! दोन दिस झालं, हितं लाईट कुठं हाय?"

"मग हा आकडा जुळत नाही. पुढच्या आठवड्यात परत यावं लागेल."

हे वाक्य ठकुबाईनं अगदी नीट ऐकलं. आकडा जुळला तर साहेब तीन-तीन महिने फिरकत नाहीत, आणि चुकला तर आठ दिवसांत हजर. एवढं कळायला शाळेत जावं लागत नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं मोटर मुद्दाम चालू ठेवली. त्याच्या पुढच्याही. मे महिन्यापर्यंत कांदा पार सडून गेला, पण ओटा गजबजला. साहेब डोकं खाजवायचे, चहा प्यायचे आणि पुन्हा यायचे.

इकडे ऑफिसात मात्र तीस वर्षांची सरळ रेघ एकदम खाली वाकली. ह्या डोंगरातलं पाणी आटतंय, नव्या विहिरींना परवानगी नको, असं वरून ठरलं. आणि एके दिवशी ठकुबाईचा पुतण्या धनाजी तणतणत आला.

"काकू, माजी विहीर अडकली की! म्हनत्यात, डोंगराचं पानी आटलं. आता उन्हाळ्यात गुरांना काय पाजू म्या?"

तिनं पुढं केलेला चहा न घेताच तो गेला. ठकुबाईनं तो कप तसाच परत आत नेला. तिला फार वाईट वाटलं, पण खरं सांगितलं तर साहेब यायचे बंद होणार होते.

पुढच्या खेपेला साहेबांबरोबर ऑफिसातल्या भार्गवी मॅडम आल्या. हातात लॅपटॉप आणि नळीसारखं एक यंत्र.

"आजी, हे आता विहिरीतच राहील. पाण्याचा आकडा सॅटेलाईटवरून आपोआप ऑफिसात येणार."

"आन साहेब?"

"सरांना कशाला एवढं लांब यायला लागतंय?"

ठकुबाईनं ती नळी हातानं अडवली. "पानी आटलं न्हाई, बाई. म्याच उपशीत व्हते."

"पण का?"

"आकडा चुकला की साहेब परत यायचे. दुसरं कोन येतंय हितं?"

मॅडमनी लॅपटॉप मिटला. साहेब कोरडाच टेप पुसत राहिले.

चुकीचे आकडे वगळले गेले, रेघ सरळ झाली आणि धनाजीची विहीरही सुटली. यंत्र मात्र परत गेलं नाही. सरकारी वस्तू एकदा आली की कुठंतरी बसवावीच लागते. साहेबांनी ती स्वतःच्या हातानं बसवली.

यंत्र फारच इमानी निघालं. पावसाळा सरला, दिवाळी झाली, कुणी म्हणून आलं नाही. ठकुबाईनं गरजेपलीकडं मोटरला हात लावला नाही. काठावरच्या यंत्राच्या पेटीत एक हिरवा दिवा लुकलुकायचा. "उटलास का?" ती सकाळी त्याला विचारायची. ऐकून सगळं घ्यायचा, पण चहा घेत नव्हता.

एक दिवस तो दिवा विझला. ठकुबाईच्या मनात आलं, आता आळ आपल्यावरच. दोन दिवसांनी शरच्चंद्र साहेब पिशवीत पाना-पक्कड घेऊन चढ चढून आले.

"साहेब, पोराची शपत, म्या हात बी लावला न्हाई!"

साहेबांनी पेटी उघडली. आत एक वायर सुटून लोंबत होती. त्यांनी ती जोडली, दिवा लागला.

"तुमचा दोष नाही, मावशी. ही बसवतानाच ढिली राहिली होती."

"पर बसवली तर तुमीच."

साहेबांनी पक्कड पिशवीत टाकली. "मला वाटलं होतं, पावसाळ्यातच सुटेल. फारच चिवट निघाली."

ठकुबाई आत गेली. तिनं चुलीवर आधण ठेवलं. मग दारातून डोकावून म्हणाली,

"साहेब, आता बी लई घट्ट आवळू नगा."