शून्याला चढ नसतो

"समुद्राची उंची किती?" आनंदराजांनी विचारलं आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकलं, "शून्य! साऱ्या जगाची उंची तिथून मोजतेत. आन् शून्याला चढ असतो का? न्हाई! मंग समुद्राकाठी सायकल कशी चालणार? आपोआप!"

हे व्याख्यान नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या चहाच्या टपरीवर झालं. आनंदराज जन्मभर कालवा निरीक्षक होते. पाणी कुठून येणार, कुठं जाणार आणि कुणाचं शेत चुकवून जाणार, हे पाण्याच्या आधी आपल्याला कळतं, असं त्यांचं स्वतःबद्दलचं मत होतं. आता नुकतेच निवृत्त झाले होते. निवृत्त माणसाजवळ ज्ञान फार शिल्लक राहतं हो, ऐकणारे तेवढे संपतात.

पण प्रश्न त्यांच्या सायकलीचा नव्हताच. तो होता त्यांच्या बायकोच्या, महामायाबाईंच्या सायकलीचा.

लग्न झाल्यापासून ही बाई नवऱ्याच्या मागं बसत आली. आधी सायकलच्या कॅरियरवर, मग लुनावर, मग स्कूटरवर. वाहनं बदलली, नवऱ्याची पाठ तीच. शेवटी पन्नाशी उलटल्यावर एक दिवस म्हणाली, "मला बी शिकायचीय!" आणि धरणाच्या रस्त्यावर खरंच शिकली. पदर खोचून, दात-ओठ खाऊन, चारदा गुडघे फोडून. पण ज्या दिवशी जमली, त्याच दिवशी मागून उसाच्या ट्रकनं असा भोंगा दिला, की बाई सायकलीसकट बाभळीत! काटे संध्याकाळपर्यंत निघाले. भीती काही निघाली नाही.

"आता चढीन तर बिनगाडीच्या रस्त्यावर," तिनं जाहीर केलं. "ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकटी, कुनी भोंगा न देता. तसला रस्ता दाखवा, न्हाईतर सायकल भंगारात घाला."

नांदेडात बिनगाडीचा रस्ता! त्यापेक्षा आभाळात विहीर खोदणं सोपं. पण लेक रूपाली कोकणात झेडपीच्या शाळेवर होती. तिनं फोनवर सांगितलं, "पप्पा, आमच्या गावापासून दीपस्तंभापर्यंत समुद्राच्या कडंकडंनं सपाट रस्ता हाय. दिवसातून एक टमटम जाती. ती बी लई करून बंदच असती."

"ठरलं!" आनंदराज म्हणाले. "रूपालीची माय, तुला रस्ता मिळाला. शून्य उंचीचा!"

दोघं कोकणात लेकीकडं पोचले. रूपालीची एक सायकल होती, ती महामायाला झाली. दुसरी मिळाली बजरंग सरांची. बजरंग सरही मराठवाड्यातलेच, जळकोटचे. त्याच शाळेवर शिकवत, एकटेच राहत आणि नव्या गिअरच्या सायकलीवर पोटच्या लेकरागत जीव लावत. दात घासायच्या जुन्या ब्रशनं तिची साखळी घासत, रात्री तिला घरात घेत आणि, रूपाली सांगायची, थंडीत तिच्यावर चादरही टाकत.

"काका, तुमी गावाकडचे म्हणून देऊन राहिलो," देताना त्यांचा आवाज सासरी लेक धाडणाऱ्या बापासारखा झाला. "वाळूत नेऊ नका. तिला खारं पाणी सोसत न्हाई."

"अहो सर, पाण्याचं मला सांगता?" आनंदराजांनी मांडीवर थाप मारली. "माझा जन्म पाण्यात गेला!"

सकाळी निघाले. आणि खोटं कशाला सांगा, सायकली आपोआप चालल्या! एका अंगाला निळं पाणी, दुसऱ्या अंगाला सुरूची झाडं, मधे काळीभोर वाट आणि तिच्यावर चिटपाखरू नाही. महामायाचं हँडल आधी दारुड्यागत डुललं, मग सरळ झालं. पाठीला वारा लागला. तिच्या तोंडून जात्यावरचा सूर निघाला:

*मोकळी माझी वाट, नाही भोंगा नाही गाडी*
*वारा माझा गं बंधू, पुढं पुढं मला धाडी!*

"बगितलं?" आनंदराज ओरडले. "पायाला काही लागून राहिलं का? शून्याला चढ नसतो!"

"खरंच की वो!"

वाऱ्याचं नाव तिनं ओवीत घेतलं होतं. आनंदराजांनी हिशेबात घेतलं नाही. त्यांना वाटलं, हे सगळं आपल्याच मांड्यांचं काम.

दीपस्तंभ बोटाएवढा दिसायला लागला, तेव्हा त्यांना भूक लागली. खाली समुद्र लांब, पार लांब सरकला होता. मधे ओली, चकचकीत, सपाट जमीन उघडी पडलेली. ती बघून आनंदराजांचा जीव हरखला. त्यांच्या ओळखीचंच दृश्य! धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक काकड्या लावतात, टरबुजं लावतात. तेच हे.

"चल, मधे जाऊन बसू."

"सर म्हणले व्हते वाळूत नेऊ नका."

"ही वाळू कुठंय? कसा दाबून बसलेला गाळ हाय! टरबूज लावलं तर घागरीएवढं येईल."

महामायानं आपली सायकल रस्त्याच्या कडेला स्टँडवर लावली आणि चपला हातात घेऊन चालत गेली. आनंदराज मात्र सायकल चालवतच गेले. वाटेत एक उथळ चर लागला, तो झोकात ओलांडला. "बग, ही चारी. हिच्यातून पाणी वाहून गेलंय," असंही सांगितलं. पलीकडच्या उंचवट्यावर सायकल लावली. कॅरियरला धपाट्यांचं गाठोडं होतं, तसंच राहू दिलं, कारण आधी वाकळ अंथरून दोन मिनिटं पाठ टेकायची होती.

"रूपाली म्हणली व्हती, भरती येती म्हणून."

"येती गं! पण एवढं पाणी यायचं म्हंजे खेळ हाय का? आपल्याकडं पाणी सोडायचं तर आधी बैठक होती. मंग कुनाच्या शेताला कवा पाणी, ती पाळी जाहीर होती. मंग गावागावात दवंडी. इथं कुनी दवंडी दिली का?"

"न्हाई."

"मंग!"

भरती-ओहोटी त्यांनी शाळेत पाठ केली होती. पण पाठ केलेलं डोक्यात राहतं आणि जन्मभर पाहिलेलं हाडात मुरतं. हाडात त्यांच्या गोदावरी होती. तिकडं एकदा गेलेलं पाणी पुढच्या पावसाळ्यालाच तोंड दाखवतं, तेही दाखवलं तर.

डोक्यावर टोपली घेतलेली एक कोळीण घाईघाईनं किनाऱ्याकडं निघाली होती. "बसू नका हो इथं! पाणी भरतंय!"

आनंदराजांनी मान उचलून समोर पाहिलं. पाणी तिथंच, लांब. "कुठं भरतंय बाई? आम्ही कालव्यावरचे लोक हाव!"

ती हसली नाही, थांबलीही नाही. आनंदराजांनी डोळे मिटले. अंगावर वाऱ्याची थोपट होती. झोप अशी लागली, जशी फक्त सरकारी नोकरीतून सुटलेल्या माणसाला लागते.

"आवो! उठा! पाणी!"

"दे इकडं, तहान लागलीच हाय."

"प्यायचं न्हाई वो! मागं बगा, मागं!"

समुद्र समोरून आलाच नव्हता. तो मागून आला होता, त्याच चारीतून, मांजराच्या पावलानं! मघाशी झोकात ओलांडलेला चर आता कालव्यागत तुडुंब वाहत होता. आणि ज्या उंचवट्यावर हे दोघं बसले होते, त्याच्या चारी बाजूंनी पाणी.

"हे... हे बेकायदेशीर हाय!" आनंदराज म्हणाले.

"अर्ज नंतर करा! आधी चला!"

महामायानं लुगडं गुडघ्याच्या वर खोचलं, वाकळ डोक्यावर घेतली आणि शिरली पाण्यात. कमरेपर्यंत भिजली, पण पार झाली. आनंदराज सायकल आणायला वळले. तेवढ्यात एक लाट आली. फार मोठी नव्हती, गुडघ्याएवढी. पण सायकल आडवी झाली, आनंदराज सायकलीवर आडवे झाले आणि धपाट्यांचं गाठोडं सुटलं. पिवळेधमक धपाटे एकामागं एक रांगेनं अरबी समुद्राकडं निघाले, लग्नाची वरात निघावी तसे.

"धपाटे!"

"जाऊ द्या! सायकल धरा! सरांची सायकल!"

सायकल धरली. ओढली. रेतीत रुतली. पुन्हा ओढली. ते रस्त्याला लागले, तेव्हा धाप अशी लागली होती, की गावची पिठाची गिरणी परवडली. सायकलीच्या साखळीत वाळू, गिअरमध्ये वाळू, घंटी वाजवली तर तिच्यातून पाणी. पायडल मारलं, ते अर्ध्यावर आलं आणि करकरून थांबलं.

"झालं," आनंदराज मटकन खाली बसले. "चल, परत जाऊ."

महामाया दीपस्तंभाकडं बघत राहिली. तिला तो आता बोटाएवढा नव्हे, हाताएवढा दिसत होता.

"एवढं आलेव," ती हळूच म्हणाली. "टोकापर्यंत जायचं व्हतं वो मला."

आनंदराजांनी तिच्याकडं पाहिलं. हिरवं लुगडं चिंब, केसांत वाळू, डोळ्यांत खारं पाणी. त्यातलं समुद्राचं किती आणि तिचं किती, हे कालवा निरीक्षकालाही सांगता येईना.

"मंग जा की," ते म्हणाले. "मी बसतो हितं."

"एकटी?"

"एकटीच जायचं व्हतं ना तुला?"

ती चढली. हँडल डुललं, सरळ झालं, आणि ती निघाली. लहान होत होत एक हिरवा ठिपका झाली. आनंदराज ओल्या विजारीत बसून बघत राहिले. जन्मभर ती त्यांच्या मागं बसली होती. त्यामुळं सायकलीवर जाताना ती कशी दिसते, हे त्यांना धड बघायलाच मिळालं नव्हतं. छान दिसत होती.

पार टोकाला ठिपका थांबला. लांबून घंटी वाजली. मग सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल एवढ्यांदा वाजतच राहिली.

परत यायला तिला फार वेळ लागला. आली ती घामानं निथळत. "आवो, तुमचं शून्य हिकडून जाताना शून्य हाय," ती धापा टाकत म्हणाली. "तिकडून येताना बालाघाटचा डोंगर हाय!"

वारा! सकाळचा तो लाडका बंधू आता छातीवर हात ठेवून ढकलत होता. आणि गाव राहिलं होतं लांब, वाऱ्याच्या बरोबर तोंडाला.

आनंदराज सायकल ढकलत चालले. पायात वाळू, पोटात भूक, चपलेतून पचक-पचक आवाज. थोडं चालले की बसत. बसले की उठवत नसे. शेवटी महामाया म्हणाली, "बसा मागं."

"मी? कॅरियरवर?"

"मंग काय दीपस्तंभावर? बसा. ती सायकल एका हातानं धरा."

बसले. एका हातात बायकोच्या सीटची कड, दुसऱ्या हातात बजरंग सरांची लंगडी सायकल, गाडीमागं बांधलेल्या बैलागत. पाय जमिनीला घासत होते. महामाया मात्र दमानं, एकेक पायडल मोजावं तशी रेटत होती आणि अधूनमधून गुणगुणत होती:

*बंधू माझा रुसला, उभा राहिला गं आडवा*
*गोड बोलून बोलून, त्याचा राग कसा जावा?*

"थोडं हलके व्हा की," मधेच ती म्हणाली.

"मी कसा हलका होऊ?"

"काही तरी कमी करा. निदान ज्ञान तरी."

गावात पोचेस्तोवर दिवस कलला होता. शाळेच्या फाटकापाशी रूपाली आणि बजरंग सर उभेच होते. सरांनी आधी सायकल पाहिली. मग आनंदराजांना पाहिलं. मग पुन्हा सायकल पाहिली. गिअरमधून एक इवलासा खेकडा बाहेर आला, सरांकडं बघून परत आत गेला.

"काका," सर साखळीवर बोट फिरवत म्हणाले, "समुद्रात नेली?"

"न्हाई हो सर," आनंदराज अगदी थकून म्हणाले. "समुद्रच आला."

पुढचे सगळे दिवस आनंदराज अंगणात बसून होते, दात घासायचा जुना ब्रश, गोडं पाणी आणि तेलाची बुधली घेऊन. पाठीमागं सर उभे. "तिथं अजून हाय, काका." "हाव." "त्या दातात बी." "हाव, हाव."

नांदेडला परतल्यावर टपरीवाल्यानं चहा पुढं केला. "काय मंग साहेब, कसा हाय समुद्र?"

आनंदराजांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "पाणी लई हाय," ते म्हणाले. "पण पाळीचं नियोजन न्हाई."

तेवढ्यात रस्त्यावर घंटी वाजली. महामाया एक पाय टेकून सायकलीवर उभी होती. "चला, येताव का? घरी जाऊन राहिले."

आनंदराजांनी इकडंतिकडं पाहिलं, कुणी ओळखीचं नाही असं मनाला समजावलं आणि मुकाट्यानं कॅरियरवर बसले. धरणाच्या वळणावर मागून उसाच्या ट्रकनं कानठळ्या बसवणारा भोंगा दिला.

महामायानं सायकल बाजूला घेतली नाही. तिनं उलट घंटी दिली.

आनंदराजांनी डोळे घट्ट मिटून तिचा पदर धरला.