एक सूत कमी

सव्वीस इंचांहून लांब नळीच्या रायफलीतून सुटलेली गोळी आजच्या दिवसात पडत नाही. वाढत्या दर सुताला ती एकेक वर्ष मागे जाऊन पडते. इंचाची सुतं आठ, म्हणजे इंचाला आठ वर्षं. म्हणून नळीची लांबी ठरवताना दुकानदार आधी विचारतो, कुठल्या सालापर्यंत जायचंय? बहुतेकांना कुठंच जायचं नसतं. ते सव्वीस इंची नळी घेतात आणि हजार मीटरवरच्या पुठ्ठ्याला आजची भोकं पाडत सुखानं राहतात.

इंदुमती शिर्क्यांना एकतीस वर्षं मागे जायचं होतं, म्हणजे नळी हवी तीस इंचाला एक सूत कमी.

त्या साली फेब्रुवारीत, गावाबाहेरच्या चांदमारीवर स्पर्धेतल्या शेवटच्या गोळीला त्यांनी चाप ओढला आणि काडतूस फुसकं निघालं. बार झालाच नाही. तसं सांगायला त्या तोंड उघडणार, तोच समोरच्या खंदकातून गोळी लागल्याची जागा दाखवणारी काठीवरची पांढरी चकती वर आली आणि काळ्या गोलाच्या बरोबर मधोमध टेकली. पंचांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी खंदकात बसून भोकं बघणारा तरुण तो पुठ्ठा बगलेत मारून आला. म्हणाला, एवढा नेम असलेली मुलगी जवळून बघावी म्हटलं. त्याचं नाव रंगराव. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, मुलीचंही लग्न झालं.

ती गोळी कुणी मारली हे इंदुमतींना पक्कं ठाऊक होतं. त्यांनीच. फक्त मारायची राहून गेली होती.

माणूस असली कामं पुढं ढकलतो. पण आता उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरू लागला होता, हात थरथरत होता. यंदा मारली नाही तर राहिलीच. आणि नेम चुकला, तर ते भोक बुजणार, पुठ्ठा घेऊन कुणी येणार नाही. सकाळी समोर बसून बशीतून चहा भुरकणाऱ्या रंगरावांकडं बघताना त्यांना ती जागा रिकामी दिसायची. यातलं एक अक्षर त्यांनी नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं. प्रौढांच्या स्पर्धेसाठी रायफल हवी, एवढंच सांगून त्या त्यांना दस्तगीर शिकलगारांच्या दुकानात घेऊन आल्या.

"ही नळी टेपनं मोजली मी," इंदुमती म्हणाल्या. "तीस इंचाला एक सूत कमी भरते. आहे तशीच द्या."

शिकलगारांनी नळीच्या मागचा बोल्ट बंद केला, नळीच्या तोंडातून पितळी गज आत सोडला, त्यावर खूण केली आणि गज फूटपट्टीशेजारी ठेवला. "वैनी, नळी भायेरनं मोजत न्हाईत. आतनं मोजत्यात, बोल्टापासनं. ही एकतीसला एक सूत कमी हाय. तुमी शाळंत असताना पडली असती की गोळी!"

इंदुमतींनी बोटांवर सुतं मोजली. "मग इंचभर कापा."

"कापतो. पर कापल्याली नळी परत वाढत न्हाई. सूतभर जादा गेलं तर लगीन झाल्यावर पडंल."

"सावकाश कापा, दस्तगीर," रंगराव म्हणाले, आणि उठून नळीचं दुसरं टोक त्यांनी स्वतः घट्ट धरलं. "हलकी पण होईल. हिच्या खांद्याला बरं."

नळी फक्त साल सांभाळते. तारीख आणि वेळ आपली आपण सांभाळायची. म्हणून त्याच तारखेला, त्याच वेळी इंदुमती चांदमारीवर पालथ्या पडल्या. माळावर धुकं होतं. पुठ्ठ्याचा काळा गोल धुक्यात तरंगत होता, जवळ यायचा, लांब जायचा. त्यांना वाटलं, आपणही तसंच थोडं वर उचलले गेलोय. श्वास अर्धा सोडला. हात थरथरायचा थांबला. त्यांनी चाप ओढला.

बार माळावरून घरंगळत गेला. समोरच्या खंदकातून लाल झेंडा वर आला: गोळी आजच्या पुठ्ठ्याला लागलेली नाही.

इंदुमती तशाच पडून राहिल्या. डावीकडं बघायची हिंमत होईना. तिथं आता कुणी आहे की नाही, हेच बघायचं होतं. मग थर्मासचं झाकण फिरल्याचा आवाज आला.

रंगराव गवतात बसले होते. त्यांचे डोळे भरून आले होते.

"इंदू, खंदकात गोळी आधी येते," ते म्हणाले. "बार मागनं ऐकू येतो. त्या दिवशी भोक पडलं आणि बार आलाच नाही. मी वाट बघत बसलो."

"अहो, मग बोलला का नाहीत कधी?"

"काय बोलायचं? म्हटलं, तो बार ऐकायचा तर तुझ्याजवळच राहिलं पाहिजे."

"आणि?"

"आला की आत्ता."

त्यांनी झाकणात चहा ओतून इंदुमतींपुढं धरला. समोर लाल झेंडा अजून हलतच होता. दोघंही तिकडं बघत एकाच झाकणातून चहा प्यायली.