बांगडीआधी पाढा

करीमचाचांच्या हातात मुलीचा हात सापडला, की पाढा म्हटल्याशिवाय सुटका नसे. बांगडी बोटांच्या पेरांवर आणून ते तिथंच थांबत आणि विचारत, "सात पंचे?"

उत्तर बरोबर आलं तर बांगडी मनगटात. चुकलं तर मुलगी तशीच अडकलेली. ती हात ओढायला लागली की चाचांचं ठरलेलं वाक्य येई, "हात हलवू नगं, डोकं हलीव!"

जुन्नरच्या बाजारातून माल आणायचा, खांद्यावर बांगड्यांच्या माळा टाकून बोरी, पिंपरी पेंढार पालथं घालायचं, हा त्यांचा धंदा. घर मात्र आमच्या गावात, शाळेच्या मागे. एक हात भरलेला आणि एक रिकामा अशा दोन-तीन पोरी गावात कायम हिंडत असत. त्यांच्या आया चिडायच्या.

"चाचा, बांगड्या भराया आलाय का परीक्षा घ्याया?"

"परीक्षाच हाय, मावशे. नापास झाली तर बाईंकडं धाड."

बाई म्हणजे मी. स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. मुलींच्या नव्या वर्गावर माझी नेमणूक झाली होती आणि मुली होत्या कांद्याच्या लागणीला. पटावर एकवीस, समोर सहा! शाळा तपासणाऱ्या दिपोटी साहेबांनी कळवलं, मंगळवारी निदान पंधरा दिसल्या नाहीत तर वर्ग बंद. मी चाचांपुढं रडगाणं गायलं.

"घाबरू नगा, बाई," एवढंच ते म्हणाले.

संक्रांत तोंडावर होती. मंगळवारी सकाळी चाचांनी गावभर आरोळी दिली, की आज बांगड्या फक्त शाळेच्या ओसरीवर भरणार. आया लेकींना ओढतच घेऊन आल्या. वर्गात बसल्या एकोणीस मुली! मी नाचायचीच बाकी होते.

साहेबांनी पहिलीला विचारलं, "नऊ चोक?"

तिनं डावा हात ताणून पुढं केला आणि ती म्हणाली, "छत्तीस." दुसरीनंही हात पुढं केला. तिसरीनंही. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"बाई, मुलींना इतक्या छड्या मारता?"

ओसरीवरून चाचा ओरडले, "छडीला न्हाई सायेब, बांगडीला हात केलाय!"

सगळा प्रकार कळल्यावर साहेब इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. वर्ग वाचला.

दुपारी मी चाचांना चहा दिला आणि सहज विचारलं, "तुमची लेक किती शिकली?"

चाचा बशीतला चहा उगाच फुंकत राहिले. "तिसरीतनं मीच काढली, शिकलेलं इसरली. लांब दिली. तीन वर्सं झाली, कागद न्हाई. दुसऱ्याकडनं लिवून घ्याया लाजती. गावभर पोरींचे हात धरतो, बाई, आन् आपल्या पोरीचं..."

त्यांनी बशी खाली ठेवली.

मग ते हळूच म्हणाले, "आता बाळंतपणाला माहेरी आलीय. अजून दीड म्हैना हाय. वर्गात मागं बसवाल का? 'मी बरी हाय' एवढं लिवायला किती अक्षरं लागत्यात?"

मी बोटांवर मोजली. "पाच."

"पाचच?" चाचा उठलेच. "थांबा, आत्ताच आनतो तिला!"