चौकोनी शिक्क्याचं नाणं

"अहो, उठा. हे नाणं बघा."

कंपाउंडर उठला नाही, कारण तो झोपलाच नव्हता. आठवडा झाला, त्याला झोप नव्हती. कूस बदलली की त्याचा लोखंडी पलंग एका पायावर 'ठक' करायचा आणि आलेली झोप दारातूनच परत जायची. वेल्डर येऊन म्हणाला, "पलंग सरळ आहे, फरशी वाकडी." फरशीवाला येऊन म्हणाला, "फरशी सरळ आहे, पलंग वाकडा." चहा मात्र दोघांनीही घेतला. पायाखाली पुठ्ठा घातला तर तो मध्यरात्रीपर्यंत चपटा व्हायचा, लाकडाची चकती घातली तर दुसराच पाय उचलला जायचा. जमिनीवर झोपावं तर पाठ धरायची. दवाखान्यात दिवसभर उभं राहून लोकांना झोपेच्या गोळ्या बांधून देताना त्याला त्या लोकांचा हेवा वाटायचा. आज सुटी होती. आज दुपारी फक्त झोपायचं, बाकी जग बुडालं तरी चालेल, असं त्याने ठरवलं होतं.

"सुट्ट्या पैशांच्या वाडग्यात होतं," बायको म्हणाली. "जाड आहे, तांब्याचं. एका बाजूला मुंडकं दिसतंय. राजाच असणार."

"असू दे. त्यालाही झोपू दे."

पण तोवर तिने भावाला फोन केला होता. या भावाला घरात टिल्लू म्हणत. तो सहा फूट उंच होता आणि मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला की त्या विषयातला तज्ज्ञ व्हायचा. नाण्यांचा व्हिडिओ त्याने वाटेतच बघितला.

"दाजी, तुम्ही खुशाल पडा. आमचं आम्ही बघतो," असं म्हणून तो पलंगावरच बसला. ठक.

नाण्याच्या दुसऱ्या बाजूला एक ठसठशीत चौकोन होता. टिल्लूने नाणं उलटंसुलटं केलं. "हा टांकसाळीचा शिक्का. दुर्मीळ. ताई, तुझं नशीब उघडलं!"

आवाज ऐकून शेजारचे निवृत्त ड्रॉइंगमास्तर भिंग घेऊन आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण बोलावल्यावर यायची त्यांना सवयच नव्हती. तेही पलंगावर टेकले. ठक.

"शिक्का कसला बोडक्याचा! हा किल्ल्याचा नकाशा आहे. हे चार कोपरे म्हणजे चार बुरूज."

"मास्तर, नाण्यावर नकाशा कोण काढतो?"

"ज्याच्याकडे किल्ला असतो तो! कंपाउंडर, तुम्हाला काय वाटतं?"

"मला चौकोन दिसतोय," कंपाउंडर उशीखालून म्हणाला.

"बरोबर आहे. सामान्य माणसाला तेवढंच दिसणार."

कोपऱ्यात कंपाउंडरची आई भाजी निवडत बसली होती. "अरे, ते नाणं ना, मी..."

"आई, थांबा हो जरा," टिल्लू म्हणाला. "इथे राजा कोणता ते ठरत नाहीये."

राजा ठरेना, तेव्हा जुन्या नाण्यांच्या दुकानात जायचं ठरलं. 'घरातलं कर्तं माणूस बरोबर हवं' म्हणून कंपाउंडरला उठवलं. सुटीची दुपार गेली ती गेलीच. बसमध्ये तो उभ्याने पेंगला, दुकानाच्या जिन्यात कठड्याला धरून पेंगला.

दुकानदाराने डोळ्याला भिंग लावलं, मुंडक्याचा फोटो काढला. "पुढची बाजू मी एका जाणकाराला पाठवतो. मागची मात्र कामातून गेली."

"गेली? आणि आमचा किल्ला?" मास्तर कळवळून म्हणाले.

"किल्ला नाही हो. चौकोनी पाइपासारखं काहीतरी जड वर्षानुवर्षं यावर उभं होतं. काठावरची चकाकी बघा. अगदी हल्लीच निघालंय खालून."

कंपाउंडरचे डोळे आठवड्यात पहिल्यांदा पूर्ण उघडले. "द्या इकडे ते," तो म्हणाला आणि जिना उतरूनही गेला.

घरी त्याने आईपुढे नाणं धरलं. "आई, हे कुठे मिळालं गं?"

"पलंगाखाली. मागच्या आठवड्यात झाडायला पलंग सरकवला, तेव्हा त्याच्या एका पायाखालून निघालं, म्हणून वाडग्यात टाकलं. तुझ्या वडिलांनीच ठेवलं असेल." तिने एक शेंग मोडली. "कोणत्या राजाचं ते सगळे विचारत होते. कुठे मिळालं ते विचारलं का कुणी मला?"

टिल्लूने पलंग उचलला. त्याचा आजच्या दिवसातला हा एकच उपयोग. नाणं पायाखाली बेतल्यासारखं बसलं. कंपाउंडर आडवा झाला, कूस बदलली, पुन्हा बदलली. आवाज नाही. तिसऱ्यांदा कूस बदलायच्या आत तो घोरायला लागला.

तेवढ्यात बायकोचा फोन वाजला. दुकानदार होता. जाणकार म्हणतोय, मागची बाजू गेली तरी हरकत नाही, असा राजा पुन्हा मिळणार नाही. आत्ताच्या आत्ता घेऊन या, म्हणाल ती किंमत देतो!

टिल्लूने लगेच पलंगाला हात घातला. बायकोने नवऱ्याकडे बघितलं. तोंड उघडं, उभं राहून सुजलेले पाय पसरलेले, कपाळावरची आठी कुठे नाहीशी झालेली. तिला एकदम भरून आलं.

"सोड तो पलंग."

"अगं ताई, वेडी आहेस का?"

"सोड म्हणते ना!" मग फोनवर हळू आवाजात म्हणाली, "आत्ता नाही जमायचं हो. त्याच्यावर आमचे हे झोपलेत."

टिल्लू मटकन पलंगाच्या कडेवर बसला. बहीणभावाने श्वास रोखून खाली बघितलं. पलंग गप्प राहिला.