खालचा सूर वाजवणारे साठ्ये

आमच्या सोसायटीत कोणाच्याही घरी जुनं सिनेमाचं गाणं लागलं, की साठ्येकाका बेल वाजवतात. आत येतात, हात वर करून सगळ्यांना गप्प करतात आणि अंतऱ्याच्या जरा आधी डोळे मिटून म्हणतात, "ऐका. हा मी."

आम्ही ऐकतो. बासरी ऐकू येते, तबला ऐकू येतो, गाणारी बाई तर येतेच येते. साठ्ये काही ऐकू येत नाहीत. तरी आम्ही "वा!" म्हणतो. नाही म्हटलं तर ते चहा होईपर्यंत समजावत बसतात, आणि मग चहाही घेतात.

मुकुंद साठ्ये उमेदीची सगळी वर्षं मुंबईच्या स्टुडिओंमध्ये व्हायोला वाजवत होते. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. अंगाने मोठा, आवाजाने खालचा, आणि थोरल्या भावासारखाच सगळं ओझं वाहून फोटोत मागे उभा. त्याला कोणी चुकून व्हायोलिन म्हटलं, तर काका थंडपणे विचारतात, "आपण म्हशीला गाय म्हणता का?"

"शिकायला गेलो होतो व्हायोलिनच," ते सांगतात. "मास्तरांनी हात पाहिले. म्हणाले, लांब आहेत, हे घे. हात आखूड असते तर आज माझं नाव असतं."

निवृत्तीनंतर ते वारज्याला, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आले. "आम्ही फरशी," हे त्यांचं आवडतं वाक्य. "लोक फरशीवर नाचतात. फरशीकडे कोण बघतं?" कोणी बघत नाही याचं दुःख त्यांना होतं की त्याचा माज होता, हे मला बरीच वर्षं कळलं नाही.

शिवाय ते संगीतकार. म्हणजे स्वतःच्या रचना करतात. त्यांची बायको, सुमतीकाकू, गेल्यापासून तर फारच. भिंतीपलीकडून भुंऽ असा आवाज येतो, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा भुंऽ. पाहुण्यांना मी सांगायचो, पाण्याची मोटर आहे, टाकी भरली की थांबेल.

यंदा गणपतीत काकांनी जाहीर केलं, की ते स्वतःची रचना वाजवणार. आमचे सेक्रेटरी देशमुख नागपूरचे, आयटीतले, स्वभावाने गरीब. म्हणाले, "काका, एखादं हिट गाणं वाजवा ना. पब्लिक कराओकेची वाट पाहून राहिली."

"हिट गाण्यांत मी आहेच," काका म्हणाले. "आपल्याला ऐकू येत नाही, त्याला मी काय करणार?"

मग त्यांनी आमच्या विंगचं दार न् दार वाजवलं. "एकदा ऐका. सगळ्यांनी ऐकायलाच हवं, विशेषतः बायकांनी. त्यानंतर त्रास देणार नाही." त्रास देणार नाही, असं साठ्ये म्हणतात म्हणजे प्रकरण गंभीर होतं. विशेषतः बायकांनी, हे तर फारच गंभीर होतं. "या वयात!" माझी बायको अनघा हसत सुटली.

पार्किंगमध्ये मांडव होता. काका त्या उकाड्यात कोट घालून आले. व्हायोला खांद्याला लावला आणि सुरू झाले. भुंऽ. मग शांतता. भुंऽ, भुंऽ. पुन्हा शांतता. दर शांततेत ते मान वर करून बायकांच्या खुर्च्यांकडे बघत, जणू तिकडून कोणी उत्तर देणार होतं.

देशमुखांनी बिचाऱ्यांनी आपलं कर्तव्य केलं. माइक घेऊन म्हणाले, "काका, सूर लावून झाला की सांगा, मग आपण सुरू करू."

"अर्धं झालंय," साठ्ये म्हणाले.

मांडव हसला. मीही पोटभर हसलो. काकांनी मात्र उरलेलं अर्धंही हट्टाने शेवटपर्यंत वाजवलं आणि कोणाकडे न बघता मागच्या बाजूला जाऊन व्हायोला पेटीत ठेवू लागले. कराओके लगेच सुरू झाला.

मी मदतीला गेलो. तोंड गप्प बसेना. "काका, रचना झकास. फक्त गाणं घालायचं राहिलं."

एरवी त्यांनी मला तिथेच कापला असता. ते म्हणाले, "हो. तेच राहिलं."

मग पेटीचं झाकण धरून हळू बोलू लागले. "चाल सुमतीची. ओट्यापाशी गुणगुणायची. मी आतल्या खोलीत तिच्याखालचा सूर बांधायचो. तेवढाच लिहिला. वरचा कशाला लिहायचा? ती रोज होतीच. आता तो मला आठवत नाही हो, कुलकर्णी. जन्मभर खालचंच ऐकायची सवय. तिचंसुद्धा नीट ऐकलं नाही. वाटलं, आपल्या विंगची स्वयंपाकघरं एकाच डक्टवर उघडतात. चाल कोणाच्या तरी कानात राहिली असेल."

माझी मलाच लाज वाटली.

अनघा प्रसादाचं ताट घेऊन मागे उभी होती. तिने ताट माझ्या हातात दिलं आणि, कणीक मळताना गुणगुणावं तशी, हलक्या आवाजात एक चाल म्हणू लागली. शब्द नव्हते. ती चाल मी आमच्याच घरात शंभरदा ऐकली असेल, आणि ती कुठली, हे कधी विचारलं नव्हतं.

काकांनी पेटी पुन्हा उघडली. व्हायोला खांद्याला लावला. तिकडे कराओके कोकलत होता, आणि इकडे भुंऽच्या मधल्या त्या रिकाम्या जागा एकेक करून भरत गेल्या. मी ताट धरून उभा होतो आणि माझे डोळे वाहत होते.

एकाएकी काका थांबले. "अनघाताई, इथे आपण चुकलात. हा सूर कोमल नाही."

"काकू असंच म्हणायच्या," अनघा म्हणाली.

काकांनी व्हायोलाचा गज खाली घेतला. मग कोटाच्या बाहीने त्यांनी तोंड पुसलं.

"बरोबर," ते म्हणाले. "इथे ती चुकायचीच. चुकीचंच म्हणा."