आठवडाभर हात लावू नये

आम्ही बंगळूरला सर्जापूर रोडवरच्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा समोरच्या दारातले हुक्केरीअण्णा आठवडाभर आमच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. रोज सकाळी दार उघडायचे, मला आणि मानसीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचे, मान डोलवायचे आणि दार लावून घ्यायचे. एकदा मी नमस्कार केला तर दोन पावलं मागे सरकले. मी पुण्याचा असल्यामुळे शेजारी बोलत नाहीत याचं मला काही वाटत नाही, पण हे न्याहाळणं जरा अतीच होतं. मानसी म्हणाली, "हे आपल्याला विकत घेणार आहेत की काय?"

आठवडा संपला त्या सकाळी अण्णा बेळगावचा कुंदा घेऊन दारात हजर.

"सरी, ठीक. आता रुळलासा तुम्ही," ते म्हणाले. "नवीन आलेल्या जनावराला आठवडाभर हात लावू नये बघा. घाबरतंय, खात नाही. आधी जागेचा वास घेऊ दे, ओळख मग."

अण्णा जनावरांचे डॉक्टर. इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पलीकडे एक प्रयोगशाळा आहे. तिथे माणसांची औषधं, टाक्यांचे दोरे, हाडांत बसवायचे स्क्रू हे सगळं आधी उंदरांवर आणि सशांवर तपासतात. अण्णांचा सगळा जन्म त्यात गेला. त्यामुळे त्यांनी आपल्याला जनावर म्हटलं याचा राग मानू नये, हे आम्हाला पुढे कळलं. त्यांच्या लेखी तो मान होता.

कुंद्याची वाटी त्यांनी माझ्या हातात दिली. मानसीने हात पुढे केला तर म्हणाले, "तुम्हाला उद्या, वैनी. आज तुम्ही कंट्रोल."

कंट्रोल हा अण्णांचा श्वास. एका गटाला औषध द्यायचं, दुसऱ्याला नुसतं मिठाचं पाणी. तो दुसरा गट म्हणजे कंट्रोल. तो नसेल तर गुण औषधाचा की नशिबाचा, कळणार कसं? मुद्दा बिनतोड आहे. पण हा माणूस तो लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, लग्नाच्या पंगतीतसुद्धा काढतो. माझ्या सासूबाईंचे गुडघे एका तेलाने दुखायचे थांबले, हे मानसीने कौतुकाने सांगितलं, तर अण्णा हळहळले. "दोन्ही गुडघ्यांना लावलं? अय्यो. एक तरी ठेवायचा की ओ." सोसायटीने पाण्याचं नवीन फिल्टर बसवायचं ठरवलं, तेव्हा भर सभेत उठून ते म्हणाले, "बी विंगला वर्षभर देऊ नका. मग बघू कुणाची पोटं बिघडतात." बी विंगवाले अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

आणखी एक. साधी डोकेदुखीची गोळी घ्यायची असली तरी अण्णा आधी डोळे मिटून हात जोडतात. मला वाटलं धन्वंतरीला. विचारलं तर म्हणाले, "उंदराला. आपल्या आधी त्यानं खाल्लीय." जनावरांना नाव मात्र कधी ठेवत नाहीत. नाव ठेवलं की सुई धरलेला हात हलतो, असं त्यांचं म्हणणं.

गेल्या महिन्यात अण्णा निवृत्त झाले आणि घरी येताना ससा घेऊन आले. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. एका मलमाच्या प्रयोगातला कंट्रोल. प्रयोग संपल्यावर धडधाकट जनावराला रीतसर घर देता येतं, ते अण्णांनी मागून घेतलं होतं. त्यांची बायको, शारदाअक्का, गेल्यापासून त्या घरात कुकरची शिट्टी सोडली तर दुसरा आवाज नव्हता. त्यात आता ऑफिसही नाही.

अण्णांचा आनंद मावेना. पहिल्याच संध्याकाळी सशाला काखेत घेऊन ते पाचही मजले फिरले. वॉचमनने उचलून बघितला, जोशीकाकूंनी उचलून कुंकू लावलं, बी विंगच्या पोरांनी तर रांग लावली. आणि ससा जेवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आमच्या दारात. दाढी वाढलेली, हातात शेपूची जुडी. "वैनी, काही खाईना ओ. सशानं दिवसभर खाल्लं नाही की आतडं थांबतंय. मग वाचत नाही."

आम्ही धावलो. ससा कपाटाखाली अंग चोरून बसला होता. भोवती शेपू, कोथिंबीर, गाजराचा पाला, केळं. पोटावर हिंगाचा लेप. गळ्यात काळा दोरा, तो जोशीकाकूंचा. कोपऱ्यात उदबत्ती. सगळं एकदम. माझा स्वभाव वाईट, मला राहवलं नाही. "अण्णा, यात कंट्रोल कुठाय?"

ते खाली बसले. "एकच आहे की ओ माझ्याकडे," म्हणाले. "एकाला कसला कंट्रोल?"

मला फार वाईट वाटलं. पण मानसी कपाटाखाली वाकून बघत होती. ती म्हणाली, "अण्णा, याला आठवडा कुठे दिलात?"

अण्णांनी तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने त्यांची डिग्री भिंतीवरून काढून घेतली. मग उठले. उदबत्ती विझवली, दोरा कापला, लेप ओल्या फडक्याने पुसला. पाणी आणि कोथिंबीर ठेवून आम्हाला बाहेर काढलं, स्वतःही बाहेर आले, आणि दार बोटभर उघडं ठेवून पॅसेजमध्ये स्टुलावर बसले. स्वतःच्याच घराबाहेर.

"सगळ्यांना सांगत फिरलो," ते कुजबुजले. "घरातल्यालाच विसरलो."

दुपारपर्यंत तिथेच होते. मी जेवायला या म्हणालो, तर मान हलवली. मग दाराच्या फटीकडे बघत म्हणाले, "शारदा गेली तेव्हा मी पण खात नव्हतो. लोक चांगलेच ओ. पण सारखे येऊन उचलून बघत होते मला. आठवडा कुणी दिला नाही."

माझ्या तोंडात काहीतरी धीर देणारं वाक्य आलं होतं. मानसीने मला कोपराने ढोसलं. ती ताट घेऊन आली, भात, आमटी, शेपूची भाजी. ते तिने स्टुलाशेजारी खाली ठेवलं, अण्णांकडे बघितलंही नाही, आणि मला दंडाला धरून आत आणून दार लोटून घेतलं.

आम्ही दोघं दाराला कान लावून उभे राहिलो. मग समोरच्या घरातून अगदी बारीक कुरुमकुरुम ऐकू आलं. अण्णांनी श्वास रोखला असावा, कारण पॅसेजमधलं स्टूल करकरायचं एकदम थांबलं.

आणि थोड्या वेळाने ताट सरकल्याचा आवाज आला, आणि आमटीचा भुरका.