निकाल पेपरात येईल

नागनाथ मास्तरच्या कविता संपादक तात्यारावांनी पुन्हा परत केल्या, पण या खेपेला माणसाला रिकाम्या हातानं पाठवलं नाही. परभणीत त्यांचं एक साप्ताहिक होतं, छापखान्याच्या माडीवरून निघणारं. त्या माडीवर छापलेल्या कागदांपेक्षा न छापलेल्या कवितांचाच ढीग मोठा होता.

"पाखरं, पाणंद, चांदणं, समदे त्याच्यावरच लिहायलेत," तात्याराव म्हणाले. "खेळावर लिहिणारा एक बी माणूस न्हाई मला. बोरीच्या जत्रंत कुस्त्या हायत. जावा, बघा, लिहा. पण कोण जिंकलं ते पाहिजे. निकाल नसलेली बातमी आणली तर पुन्हा ह्यो जिना चढू नका."

नागनाथ वालूरचाच, गावच्या शाळेत नव्यानं लागलेला मास्तर. अंगानं काडी, आवाजानं मऊ. खेळावरचं लिहिणं म्हणजे काय, हे त्यानं हॉटेलातल्या रेडिओवर क्रिकेट ऐकून ठरवलं होतं. बोरीला निघण्याआधीच त्याच्या बातमीचं पहिलं वाक्य तयार होतं: 'सूर्य मावळतीला झुकला आणि मातीला जाग आली.' पुढचं तेवढं कुस्ती झाल्यावर लिहायचं होतं. छापलेल्या अक्षरांत आपलं नाव कसं दिसेल, याचा विचार करता करता त्याची यष्टी बोरीला पोचलीसुद्धा.

दुष्काळाची वर्षं सरल्यावर पहिल्यांदाच बोरीत फड भरला होता. जणू दोन वर्षं कोरडी राहिलेली हौस एकदम पाझरत होती. माणसं झाडावर, माणसं बैलगाडीवर, माणसं एकमेकांच्या खांद्यावर. मधोमध ताक-तेल घालून मऊ केलेली माती आणि कडेला कडकडणारी हलगी. ती ऐकून नागनाथचं पाऊल थबकलं. त्याचे वडील एके काळी याच फडाच्या कडेला उभे राहून हलगी वाजवीत. ते काम गावानं लावून दिलेलं होतं, विचारून दिलेलं नव्हतं. छप्पन साली घर बुद्धाला शरण गेलं आणि वडिलांनी हलगी खाली ठेवली. हलगी गेली, पण ताल घरात राहिला. आईच्या जात्यावर तो होता, नागनाथच्या कवितेतही होता.

बोरीचे सरपंच आबासाहेब स्वतः पुढे आले. "या, पेपरवाले मास्तर," म्हणून त्यांनी त्याला पाहुण्यांच्या रांगेत खुर्चीवर बसवलं आणि आपल्या हातानं फेटा बांधला. जिथं बापाला कधी कुणी बस म्हटलं नव्हतं, तिथं लेकाला फेटा मिळाला. नागनाथनं फेट्याला दोनदा हात लावून पाहिला. माणूस असा भरून आला की त्याला नाही म्हणता येत नाही, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

कारण आबासाहेब शेजारच्याच खुर्चीत बसले आणि पाहुण्यांची नावं सांगू लागले. बातमी म्हणजे आलेल्या पाहुण्यांची नावं आणि उरलेल्या जागेत कुस्त्या, असा त्या भागातला रिवाज. कोणाचं नाव राहिलं तर पुढच्या जत्रेपर्यंत रुसवा. नागनाथ लिहीत राहिला. अध्यक्ष झाले, उद्घाटक झाले, नारळ फोडणारे झाले, नारळ आणून देणारे झाले. मधल्या काळात मातीत जोड लागत होते, सुटत होते, आणि कागदावर नुसते फेटे गोळा होत होते.

शेवटची कुस्ती चांदीच्या कड्यावर होती. वालूरचा सूर्यभान आणि बोरीचा चंद्रभान. दोघांनी मातीला हात लावून कपाळी नेला, शड्डू ठोकले, आणि सगळा फड श्वास धरून बसला. दोघे असे भिडले की कुणाचा हात कुठला ते कळेना. हलगी चढत गेली. नागनाथ खुर्चीच्या कडेला आला.

"एक ऱ्हायलं," आबासाहेब त्याच्या कानाशी म्हणाले. "आमचे जिंतूरचे व्याही लिहा."

"कुठं बसलेत ते?"

"आले न्हाईत. पण येनार होते. लिहा, नायतर पोरीला सासरी बोलणी बसतील."

पोरीला बोलणी म्हटल्यावर नागनाथचा हात आपोआप कागदाकडे गेला. त्याची स्वतःची बहीण बोरीतच दिली होती. त्यानं मान खाली घातली, व्याह्यांचं नाव लिहिलं, वडिलांचं नाव विचारलं, तेही लिहिलं. तेवढ्यात गर्जना झाली. त्यानं मान वर केली तेव्हा धुरळा होता, आणि धुरळ्यात दोन पैलवान दोन गावांच्या खांद्यांवर. बोरी चंद्रभानला नाचवत होती, वालूर सूर्यभानला. गुलाल दोघांवरही पडत होता.

पंच तिघे होते. बोरीच्या पंचानं चंद्रभानचा हात वर केला होता, वालूरच्या पंचानं सूर्यभानचा. तिसरे मुंजाजी, तिसऱ्याच गावचे, शांत आणि वयस्क. काठ्या हातात घेतलेली दोन गावं त्यांच्याकडे बघू लागली. मुंजाजींनी एकदा या गावाकडे पाहिलं, एकदा त्या गावाकडे, मग आपल्या घरी जायच्या वाटेकडे, आणि कर्ण्यावरून सांगितलं, "मंडळी, गडबड करू नका. पेपरवाले मास्तर अगदी पुढ्यात बसले होते. त्यांनी समदं टिपून घेतलंय. निकाल पेपरात येईल."

काठ्या खाली गेल्या. सगळ्या माना नागनाथकडे वळल्या. त्याच्या कागदावर शेवटचं नाव होतं, व्याह्यांच्या वडिलांचं.

त्यानं मुंजाजींना बाजूला गाठून कबूल केलं की आपण काहीच पाहिलं नाही. मुंजाजींनी इकडेतिकडे बघून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मास्तर, आता तुमी पाह्यलंच पाहिजे," ते म्हणाले, आणि चांदीचं कडं कमरेला खोचून चालू लागले.

तिथून नागनाथला एकट्यानं पाणी पिणंही मुश्किल झालं. बोरीकरांनी त्याला चहा पाजला आणि कपाबरोबर चंद्रभाननं टांग कशी मारली ते सांगितलं. यष्टीच्या थांब्यावर वालूरकरांनी त्याला भजी चारली आणि सूर्यभाननं ती टांग कशी उलटवली ते दाखवलं. दाखवताना त्यांच्यातलाच एक जण पडला. आपला माणूस पेपरात आहे, आता काळजी नाही, असं म्हणत वालूरकर गाडीत बसले. आपल्या गावची सून मास्तरची बहीण आहे, आता काळजी नाही, असं म्हणत बोरीकर घरी गेले. नागनाथ यष्टीत चढलाच नाही. बहिणीच्या घरी मुक्कामाला गेला.

सत्यशीलेला सगळं आधीच कळलं होतं. तिनं भावाला भाकरी वाढली आणि एवढंच म्हटलं की तू काहीही लिही, मला पाणवठ्यावर जावंच लागणार आहे. पहाटे जात्याच्या घरघरीनं त्याला जाग आली. बहीण दळता दळता त्याला ऐकू जाईल अशा बेतानं गात होती,

"दोन गावाच्या शिवंला, बंधू माझा गं लिहितो,
एक्या डोळ्यानं माहेर, दुज्या सासर पाहतो."

"अक्के, चेष्टा करायलीस व्हय?" तो आतून म्हणाला.

"चेष्टा कामून करू? दोन्ही डोळे नावं लिहिण्यात गुंतले, ते तर मी गायलेच न्हाई अजून."

नागनाथ पांघरुणात हसला, मग उठून बसला. खोटं लिहायचं तर कोणतंही सोपं होतं. पण पहिल्याच बातमीला खोटं लिहिलं, तर खाली आपलं नाव कसं वाचायचं? आणि खरं लिहायचं तर ते ठाऊक असणारे या जगात दोनच जण होते. पंचाला दिसो न दिसो, पाठ टेकली की नाही ते पाठीला कळतं.

चंद्रभान खळ्यावर ज्वारीच्या राशीपाशी एकटाच होता. मास्तरला बघून त्यानं पोत्यावर जागा करून दिली. नागनाथनं सरळ विचारलं. चंद्रभाननं थोडा वेळ रास सारखी केली. मग हळूच म्हणाला, "माझी लागली, मास्तर. सूर्यभान लय चपळ गडी हाय. गावाला सांगावं म्हणलं, तर गाव मला खांद्यावरून खालीच उतरू देईना."

"असं लिहू का?"

"खरं हाय तर लिवा की."

निकाल मिळाला. नागनाथ हलक्या पावलांनी वालूरला आला. पण एकाचं ऐकून दुसऱ्याचं न ऐकणं बरं नव्हे, म्हणून तो तालमीत गेला. सूर्यभान खांद्याला हळद-तेल लावून बसला होता. त्यानं सोबत्यांना पाणी आणायला पिटाळलं आणि मान खाली घातली.

"काल तुमी पाह्यलंच असंल, तुमच्यापासून काय लपवायचं?" तो म्हणाला. "माझी पाठ लागली. गार माती लागली की मणक्याला. ती का इसरता येती? चंद्रभाननं मारली कुस्ती."

नागनाथ तालमीचा उंबरा ओलांडून बाहेर पडला. मग घरी जाऊन त्यानं सूर्य मावळतीचं वाक्य खोडलं, पाहुण्यांच्या नावांवर एक लांब रेघ मारली आणि बातमी लिहिली. अगदी लहान झाली. ऐन क्षणी वार्ताहर निमंत्रितांची नावे लिहीत असल्यामुळे त्याने कुस्तीचा शेवट पाहिला नाही. पंचांत मतभेद झाला. दोन्ही मल्लांना विचारले असता, सूर्यभान म्हणतो मी हरलो आणि चंद्रभान म्हणतो मी हरलो.

तात्यारावांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली.

"ह्यो निकाल हाय?"

"दोन हायत."

"मी एक मागितला होता."

नागनाथ जिन्याकडे बघू लागला. तात्यारावांनी कागद एकदा उजेडाला धरला, जणू मागे तिसरा निकाल लिहिला असावा, आणि खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला हाक मारली.

अंक निघाला तेव्हा नागनाथनं शाळेला रजा टाकली होती. दोन्ही गावं आपापल्या पैलवानाला काय म्हणतील, या काळजीनं त्याला जेवण जाईना. पण वालूरच्या पारावर बातमी मोठ्यानं वाचली गेली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चंद्रभान स्वतःच्या तोंडानं हरलो म्हणतो, आता आणखी काय पाहिजे? मग सूर्यभान पण म्हणतो की, असं कुणीतरी दबकत विचारलं. त्याला तिथल्या तिथं ऐकवण्यात आलं की आमचा सूर्यभान मोठ्या मनाचा आहे, दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून तसं बोलतो. बोरीहून सत्यशीलेचा निरोप आला, की इथंही पेढे वाटायलेत, चंद्रभान मोठ्या मनाचा हाय म्हणून. पाणवठ्यावर तिला पहिला नंबर मिळाला होता. आबासाहेब मात्र व्याह्यांचं नाव शोधत अंक अजून चाळत होते.

सगळे जिंकले होते. अडकले होते एकटे मुंजाजी, कारण कडं त्यांच्या कमरेला होतं. त्यांनी दोघा पैलवानांना आणि मास्तरला देवगाव फाट्यावर बोलावलं. तिथं ना बोरीची शीव, ना वालूरची. चहाच्या हॉटेलामागं नांगरून पडलेल्या रानात, लिंबाखाली चौघे बसले. मुंजाजींनी कडं मधे ठेवलं.

"तुमचं तुमी ठरवा. मला आता ह्याचं ओझं व्हायलंय."

चंद्रभाननं ते सूर्यभानकडे सरकवलं. सूर्यभाननं परत केलं. पहिल्यांदा ते सौजन्य होतं. हळूहळू सूर चढला.

"तू जिंकलास, घे गुमान."

"मला शिकवू नकोस. माझ्या पाठीचं मला ठावं."

"मंजी मी लबाड बोलायलोय?"

"मग मी बोलायलोय का?"

दोघे उभे राहिले. न जिंकलेलं कडं घालायचं म्हणजे वस्तादाच्या तोंडाला काळं, असं एक म्हणाला आणि तेच दुसराही म्हणाला. सदरे उतरले. ठरलं ते असं, की आता इथंच होऊन जाऊ द्या, आणि जो जिंकेल त्यानं मुकाट्यानं कडं घ्यायचं. मुंजाजींनी लिंबाकडे तोंड फिरवलं. "मला मोतीबिंदू हाय," ते म्हणाले. "मास्तर, तुमी बघा."

नागनाथ उभा राहिला. हात रिकामे होते. फेटा नव्हता, खुर्ची नव्हती, कानाशी कोणी नव्हतं. आणि त्यानं जी कुस्ती पाहिली तशी त्या पंचक्रोशीत कोणी पाहिली नसेल. दोघेही पडायला बघत होते. सूर्यभान पाठीवर कलला की चंद्रभान त्याला बगलेत हात घालून अलगद उभा करी. चंद्रभाननं गुडघे सोडले की सूर्यभान त्याला लेकरासारखा छातीशी धरी. एक जण दुसऱ्याला स्वतःच्या अंगावर ओढे, दुसरा त्याला सावरून धरी. इतक्या दांडग्या अंगांत एवढी माया कुठं होती, असं नागनाथला वाटलं. ढेकळांची माती दोघांच्या घामात मिसळत गेली. शेवटी चंद्रभानचा पाय नांगराच्या तासात अडकला, सूर्यभाननं त्याला धरायला झेप घेतली, आणि धरता धरता त्याच्यावरच पडला.

चंद्रभानची पाठ मातीला लागली. सगळीच्या सगळी. दोघांनीही पडल्या पडल्या मास्तरकडे पाहिलं.

"सूर्यभान," नागनाथ म्हणाला, "तू जिंकलास."

चंद्रभान उठून उभा राहिला, पाठीची माती झटकायचंही विसरला आणि दंड थोपटत लिंबाभोवती फिरला. सूर्यभान ढेकळांत बसून राहिला. त्याचं तोंड इतकं उतरलं की मुंजाजींनाच त्याच्या मनगटात कडं घालावं लागलं.

त्या रात्री नागनाथनं कागद पुढे ओढला, आणि फाट्यावरच्या कुस्तीचं एक अक्षरही न लिहिता जिंतूरच्या व्हॉलीबॉलच्या सामन्यांवर लिहायला घेतलं. सूर्यभान भर चैत्रात मनगटापर्यंत बाह्यांचा सदरा घालून हिंडू लागला. वालूरमधली माणसं म्हणायची, बाहेरून कसा का दिसेना, पैलवानाला आतून गारठा असतो.